बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर मिक्स मीडिया: रंग का सोलतो, झाकण का अडकतं आणि आजीचा काठ कुठे लावायचा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात असं दिसतंय की बटर कुकीजचा तो निळा गोल पत्र्याचा डबा (जो आपल्याकडे निम्म्या घरांत सुईदोऱ्याचाच असतो) तुम्ही मिक्स मीडियाने, म्हणजे रंग, कागद, कापड आणि जुन्या वस्तू एकत्र लावून, सजवायला घेतला, व्हिडिओत बघून थेट गेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा लेप) लावला, वर ऍक्रिलिक रंग मारले, दुसऱ्या दिवशी नखाने पापुद्रे निघायला लागले आणि झाकण लावलं ते आता बसतही नाही नि बसलं तर निघतही नाही. वर आजीच्या इरकलीचा काठ, वडिलांचं जुनं एचएमटी घड्याळ, थोडी बटणं आणि एक जुनी लग्नपत्रिका हे सगळं त्यावर लावायचंय. मी बरीच वर्षं हेच काम करते आणि शिकवते, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. व्हिडिओतले डबे शोकेसमध्ये ठेवायचे असतात, तुमचा रोज उघडायचा आहे. त्यामुळे सजावट कुठे करायची याच्याआधी कुठे करायची नाही हे ठरवायचं. हात कुठे लागतो, झाकण कुठे घासतं, डबा कशावर टेकतो, कपाटात त्याच्यावर दुसरं काही ठेवता का. या जागा वगळून जे उरतं तो तुमचा कॅनव्हास. बहुतेक लोक उलटं करतात, आधी सगळीकडे रंग फासतात आणि मग झाकणाशी कुस्ती.

आता सोलण्याचं. गेसो वाईट नाही, पण गेसो म्हणजे ऍक्रिलिक चिकट द्रव्य, खडूसारखी पावडर आणि पांढरा रंग. कॅनव्हास, कागद, लाकूड यांच्या बारीक छिद्रांत तो शिरतो आणि धरून बसतो. पत्र्याला छिद्रंच नाहीत, वर कंपनीने छापलेल्या चित्राचा गुळगुळीत लेप, आणि त्यावर आपल्या हाताचं तेल. तो धरणार कशाला? आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफा करतात ना, दशावताराचा 120 गोल पत्त्यांचा संच, त्यातही हीच रीत आहे, आधी चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचे थर द्यायचे, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, मग चित्र, मग वरून लाख. आणि ते पत्ते ठेवायची लाकडी पेटीसुद्धा रंगवलेलीच असते, सरकत्या झाकणाची. म्हणजे रोज हाताळायच्या वस्तूवर चित्र टिकवायचं तर मेहनत खालच्या थरात आहे, हे आपल्या लोकांना फार आधीपासून माहितीये. फक्त तिथे खाली कापड नाहीतर कागद असतो, तुमच्याकडे पत्रा आहे, म्हणून एक पायरी जास्त.

त्यामुळे आत्ता जो गेसो सोलतोय तो सगळा काढून टाका, जीव गुंतवू नका त्यात. कोमट पाण्यात तासभर भिजवला की बराचसा हातानेच निघेल. मग भांड्यांच्या लिक्विडने डबा स्वच्छ धुवा, कोरडा करा, उन्हात ठेवा, कारण झाकणाच्या दुमडलेल्या कडेत पाणी लपून बसतं आणि तिथूनच पुढे गंज येतो. मग 220 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन सगळीकडे घासा. छापलेलं चित्र पूर्ण जायची गरज नाही, फक्त चकाकी गेली पाहिजे, हात फिरवला तर किंचित खरबरीत लागलं पाहिजे. गंजाचे ठिपके असतील तिथे मात्र खाली पत्रा दिसेपर्यंत घासा. मग थिनर किंवा स्पिरिटच्या फडक्याने पुसा आणि त्यानंतर रंगवायच्या भागाला बोट लावू नका, आतून धरा.

यावर मेटल प्रायमर. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात रेड ऑक्साइड मिळतो, खिडकीच्या गजांना लावतात तोच, लहान डबा मागा. पातळ एक हात, खिडकी उघडी ठेवून, आणि चोवीस तास त्याच्याकडे बघायचं नाही. पावसाळा असेल तर दोन दिवस द्या. वाळल्यावर बारीक पेपरने अगदी हलकं घासायचं आणि मग त्यावर गेसोचे दोन पातळ हात. आता बघा नखाने निघतो का. गेसो महाग वाटत असेल तर पांढरा ऍक्रिलिक रंग, फेविकॉल आणि टाल्कम पावडर एकत्र करून घरी बनवता येतो, दह्याइतपत दाट ठेवायचा. प्लास्टर ऑफ पॅरिस घालायला सांगतात बरेच जण, चालतं, पण ते वाटीतच घट्ट होत जातं, त्यामुळे लागेल तेवढंच कालवा.

(जाता जाता, आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यावर हे करू नका. तळाला त्रिकोणात 5 आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, त्याला काहीच धड चिकटत नाही. बुटांचा खोका चालतो, पण बाहेरून ओला लेप दिला की पुठ्ठा वाकतो, म्हणून आतूनही एक हात मारायचा म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी राहते. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, पेटी सगळ्यात सोपी, फक्त तिच्या कापलेल्या कडा पाणी पितात, तिथे आधी दोनदा सीलर द्या.)

झाकण. प्रायमर लावायच्याही आधी करायचं काम हे आहे, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. डब्याला झाकण पूर्ण बसवा आणि झाकणाच्या खालच्या कडेने डब्यावर पेन्सिलने गोल रेघ मारा. ही रेघ म्हणजे लक्ष्मणरेषा. रेघेच्या वरचा सगळा पट्टा झाकणाच्या आत जातो, आणि तिथे फट असते जेमतेम कागदाच्या जाडीची. त्यात प्रायमर, गेसोचे दोन हात, रंग, छापील पेपर नॅपकिन आणि वार्निश एवढं सगळं कोंबलं, तर ते बसणार कसं. म्हणून रेघेच्या खाली दोन मिलिमीटरपर्यंत मास्किंग टेप लावून तो पट्टा झाकून टाका. झाकणाच्या आतल्या बाजूलाही काही लावायचं नाही. आणि टेप काढायची ती त्या थराचं काम झालं की लगेच, रंग अर्धवट ओला असताना. पुढच्या थराला परत नवीन लावायची. कंटाळवाणं आहे, पण पूर्ण वाळल्यावर टेप ओढली की बरोबर रंगाची किनार उचलून आणते, आणि एकदा किनार उचलली की सोलणं तिथूनच सुरू होतं. उघडा राहिलेला पट्टा छान दिसत नाही असं वाटत असेल तर डबा बंद असताना तो दिसतच नाही, आणि उघडा असताना लोक आतली कात्री शोधत असतात.

झाकण चिकटून बसतं त्याचं कारण फक्त जाडी नाही. ऍक्रिलिक अर्ध्या तासात हाताला कोरडं लागतं पण आतून पक्कं व्हायला काही आठवडे घेतं, तोवर दोन रंगवलेले पृष्ठभाग दाबून ठेवले की एकमेकांना धरतात. फेविकॉलचं तर विचारूच नका, दमट हवेत तो परत चिकचिकीत होतो. तुम्ही डोंबिवलीच्या, म्हणजे जून ते सप्टेंबर हे असंच. म्हणून काम संपलं तरी निदान पंधरा दिवस झाकण लावू नका, बाजूला ठेवा, आणि मग कडेवरून साधी मेणबत्ती घासा.

आता मजेचा भाग. तुमच्या सामानाचे आधी दोन ढीग करा. एका ढिगात ज्यांना रंगात बुडवायचंय ते: बटणं, लेसचे तुकडे, पुठ्ठ्याची कात्रणं, तुटक्या साखळ्या, किल्ली, मोल्डइटची, म्हणजे मळून आकार दिला की कडक होणाऱ्या मातीची, पानंफुलं (जुने लोक अजून शिल्पकारच म्हणतात त्याला). दुसऱ्या ढिगात जे स्वतःचा रंग घेऊन आलंय आणि ज्याच्यावर ब्रश फिरवायचा नाही ते: काठ, फोटो, पत्रिकेवरचा सोनेरी गणपती. मिक्स मीडिया म्हणून केलेले अर्धे डबे भंगाराच्या दुकानासारखे दिसतात त्याचं कारण हे दोन ढीग एकत्र लावलेले असतात, लाल बटण, पांढरी लेस, पितळी किल्ली, हिरवा काठ, सगळे एकाच वेळी बोलतायत. पहिला ढीग आधी चिकटवायचा, सगळ्यावर एकच रंग मारायचा म्हणजे ते एका दगडातून कोरल्यासारखं एकजीव दिसतं, आणि मग दुसऱ्या ढिगातलं एक, फार तर दोन, त्यावर ठेवायचं. पिकासोने 1912 मध्ये वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं ऑइलक्लॉथ चित्रात चिकटवलं आणि भोवती चौकटीसारखा दोर गुंडाळला, तिथून या प्रकाराला मोठ्या कलाकारांत मान मिळाला असं म्हणतात. ते चित्र कधी फोटोत बघा, बाकी रंग किती दबलेले ठेवलेत, म्हणून तो छापील तुकडा आणि दोर डोळ्यात भरतात.

डब्याच्या भिंतीपासून सुरू करा, झाकण शेवटी. भिंतीवर मी नॅपकिन सुचवेन, कारण गोल भिंतीवर जाड कागद सुरकुततो. छापील पेपर नॅपकिनला दोन किंवा तीन पदर असतात, त्यातला फक्त वरचा छापील पदर सोडवून घ्यायचा. तो इतका पातळ असतो की खालचा रंग आरपार दिसतो, म्हणून त्याच्या खाली पांढरा किंवा हस्तिदंतीच पाहिजे, काळ्यावर लावलात तर चित्र गायब. कात्रीने कापू नका, ओल्या ब्रशने कडेने पाण्याची रेघ ओढा आणि हलक्या हाताने फाडा, फाटलेली कड रंगात मिसळून जाते, कापलेली कड दुरूनही दिसते. फेविकॉल तीन भाग आणि पाणी एक भाग, डब्यावर पातळ लावा, नॅपकिन मधून टेकवा, आणि वरून ब्रश फिरवायच्या भानगडीत न पडता स्वयंपाकघरातली क्लिंग रॅप पसरून तिच्यावरून बोटाने मधून बाहेर दाबत जा. ओला नॅपकिन ब्रशला चिकटून फाटतो, क्लिंग रॅपला नाही. एखादी सुरकुती राहिलीच तर राहू दे, वाळल्यावर बारीक पेपरने घासली की जाते, नाही गेली तर तिच्यावर लेस.

पत्रिका मूळ चिकटवू नका. झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंट काढून आणा, पातळ कागदावर. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलीत तर ओला फेविकॉल लागला की शाई पसरते, मुहूर्ताचा निळा डाग होतो. जुनी पत्रं, फोटो, सगळ्याला हाच नियम. गोंदात गेलेला कागद परत मिळत नाही.

झाकणावर पोत. स्टेन्सिल ठेवून मॉडेलिंग पेस्ट (उठावाची नक्षी करायची जाड पेस्ट) पॅलेट नाइफने एकदाच ओढायची, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर वाळताना भेगा पडतात. भेगा हव्याच असतील तर त्यासाठी वेगळी युक्ती आहे: गडद रंग वाळला की फेविकॉलचा जाडसर हात, तो काचेसारखा व्हायच्या आत, म्हणजे बोटाला चिकटेल इतपत ओला असतानाच, वरून फिका ऍक्रिलिक एकाच दिशेने एकदाच. परत त्याच जागेवरून ब्रश नेलात की खलास. फेविकॉल जितका जाड तितक्या भेगा मोठ्या. हे शक्यतो झाकणावर ठेवा, भिंतीवर ओघळतं.

चिकटवायचं कशाने यावर लोक फार घोळ घालतात. कागद आणि कापड फेविकॉलने. धातूवर धातू, म्हणजे किल्ली, साखळी, घड्याळाचे भाग, याला अराल्डाइटसारखं दोन ट्यूबवालं, रात्रभर ठेवायचं. फेविक्विकने पटकन काम होतं हे खरं, पण त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट धूर बसतो आणि डबा खाली पडला की चिकटवलेलं टणकन उडतं. बटणांना मी भोकांतून आधी दोरा ओवून गाठ मारते आणि मग लावते, दोरा नसलेलं बटण फारच दुकानातून आल्यासारखं दिसतं.

सगळं चिकटून पक्कं झालं की पहिल्या ढिगावर एकच गडद रंग, काळा नाहीतर गडद तपकिरी, टोकदार ब्रशने फटीफटीत घुसवून. बटणाच्या मागे पांढरं राहिलं की सगळा खेळ उघडा पडतो, त्यामुळे डबा फिरवून, उलटा करून, खालून बघा. हे वाळलं की कोरड्या चपट्या ब्रशला तांबूस किंवा जुन्या सोन्याचा रंग अगदी थोडा घ्या, तो जुन्या वर्तमानपत्रावर पुसून पुसून जवळजवळ संपवा, आणि मग नुसता उंचवट्यांवरून फिरवा, जणू धूळ झटकताय. दोन हातांत जादू होते, लेसची जाळी, बटणाची कड, पेस्टची नक्षी एकदम वर येते. इथेच हात थांबवायचा असतो आणि इथेच कुणाचा थांबत नाही. सगळीकडे सोनं फासलं की गणपतीच्या मखराचं थर्माकोल दिसतं.

भिंतीवरचा नॅपकिन या झाकणापुढे फार नवाकोरा वाटेल. त्याला बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, पाण्यात पातळ करून लावा, कडांना जास्त, आणि मिनिटभरात ओल्या सुती फडक्याने पुसून घ्या. फटीत रंग राहतो, बाकी निघतो. पण त्याआधी नॅपकिनवर वार्निशचा एक हात हवा, नाहीतर कागद सगळा तपकिरी पिऊन टाकेल आणि पुसता येणार नाही.

आता आजीचा काठ. तो सगळ्यात शेवटी, आणि जागा भिंतीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. वर लावलात तर झाकण उघडताना रोज बोटं त्याच्यावर, चार महिन्यांत काठाची जर काळी पडेल. तळाला अगदी टेकवूनही नको, फडताळावर घासतो. गोंद कापडाला लावायचा नाही, डब्याला लावायचा, पातळ, आणि तो थोडा सुकत आला की काठ टेकवायचा, म्हणजे आरपार येऊन डाग पडत नाही. कापायच्या जागी आधी फेविकॉलची रेघ द्या, वाळू दे, मग कापा, दोरे सुटत नाहीत. जोड मागच्या बाजूला घ्या आणि एक टोक आत दुमडा. काठावर वार्निश मारू नका, कापड कडक आणि काळपट होतं. लांबी उरली तर अजिबात कापून टाकू नका, तशीच डब्यात ठेवा, पुढेमागे काठ बदलावासा वाटला तर उपयोगी पडेल.

घड्याळाबद्दल माझं मत विचाराल तर चिकटवू नका. एचएमटीची चावीची घड्याळं दुरुस्त करणारे कारागीर अजून सापडतात, तुमचं चालू होऊ शकतं. अराल्डाइट लागलं की तो विषय संपला. झाकणावर घड्याळाचा पोत हवाच असेल तर मोल्डइटच्या चकतीवर घड्याळाची बाहेरची कड कुकिंग ऑइलचं बोट लावून हलकेच दाबा, ठसा उमटतो, तो वाळवून लावा. घड्याळ पुसून परत ड्रॉवरमध्ये. तुमच्याकडचं बंद पडून काच फुटलेलं आणि आतलं काही उरलेलंच नसेल तर गोष्ट वेगळी, मग नुसती केस लावा.

झाकणावर उंच काही लावताना एक बघा, डब्यावर दुसरा डबा ठेवायची सवय असेल तर उंचवटे कडेच्या उंचीपेक्षा वर जाऊ देऊ नका. आणि भिंतीवर टोकदार धातू नकोच, ओढणी अडकते.

वार्निश पाण्यात मिसळणारं मॅट घ्या, दोन किंवा तीन पातळ हात, प्रत्येक वेळी मध्ये निदान दोन-तीन तास. स्प्रे लॅकर पावसाळ्यात मारला की हवेतल्या ओलाव्याने पांढरट पडतो, तुमच्याकडे आत्ता पाऊस असेल तर सरळ ब्रशने काम करा नाहीतर दसऱ्यापर्यंत थांबा. चकचकीत वार्निशच्या मी विरोधात आहे, एवढं जुनाट करून वर प्लास्टिकचा चेहरा कशाला.

आतून रंगवायचं का, असंही विचारलंय. सुईदोऱ्याला आतून काही नको, फार तर तळाला फेल्टची गोल चकती टाका म्हणजे सुया खडखडत नाहीत. पण डबा कधीकाळी चकल्या-लाडवांसाठी वापरायचा विचार असेल तर आतून अजिबात नाही, हे रंग आणि वार्निश खाण्याच्या वस्तूला लागायचे नाहीत. आणि असा डबा नळाखाली धुवायचा नसतो, ओलसर फडक्याने पुसायचा, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः भांडी घासणाऱ्या मावशींना.

सामान मुंबईत घ्यायचं तर क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला एका फेरीत बरंच मिळतं. डिकूपाजचे, म्हणजे वस्तूंवर कागद चिकटवायच्या कामाचे, परदेशी गोंद घ्यायची गरज नाही, फेविकॉल आणि वार्निशवर काम होतं. पैसे खर्च करायचेच असतील तर एक चांगला मऊ चपटा ब्रश घ्या, केस गळणारा ब्रश वार्निशमध्ये केस सोडतो आणि ते वाळल्यावर चिमट्यानेही निघत नाहीत.

आणि आत्ता जे झाकण अडकून बसलंय, त्याला हेअर ड्रायर लावू नका, गरम झालं की ऍक्रिलिक अजून मऊ पडून जास्त चिकटतं. उलट डबा पिशवीत घालून तासभर फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर काढल्या काढल्या झाकण वर न ओढता दोन्ही तळव्यांनी धरून गोल फिरवा. तरी नाही हललं तर जुना एटीएम कार्डाचा तुकडा फटीत घालून सगळीकडून थोडं थोडं सोडवत जा, सुरी नको, पत्रा वाकला तर झाकण पुन्हा नीट बसणार नाही.